दोर

तेत्सुओच्या डोक्याला लागलं त्या सकाळी
विंचवरचा दोर मी बांधला होता.
हे मी विमावाल्यांना सांगितलं, बंदराच्या कचेरीत सांगितलं,
वहिनीला सांगायचं राहून गेलं.

शुद्धीवर आला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता.
चहा : दोर. उशी : दोर.
बायकोकडे बघून, जरासं हसून : दोर.
माझ्याकडे बघून, न हसता.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

दोन वर्षांनी साप्पोरोहून पत्र आलं.
मोनबेत्सूहून बसनं साडेचार तास, त्यातले दोन नुसतं बर्फ.
डॉक्टर कुदोनं कागदावर मेंदू काढला, बटाट्यासारखा दिसत होता,
त्यात पेनानं एक काळा डाग गिरवला.
इथे पेशी सोडायच्या.
कुणा अनोळखी माणसाच्या मज्जेतल्या, वाढवलेल्या, गोठवून ठेवलेल्या.
त्या कायमच्या राहायला येत नाहीत, म्हणाली,
महिन्याभरात संपतात,
पण जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना उठवून जातात.
निदान उंदरांत तरी.
वहिनी म्हणाली, म्हणजे मिसोला लावतो तसं विरजण?
नाही, डॉक्टर म्हणाली.
मग थांबून : बरं, तसंच समजा.

आणि चौघांतल्या एकाला नुसतंच भोक.
कवटीला भोक, टाका, पट्टी, बाकी काही नाही.
कुणाला काय, ते वर्षभर
त्यालाही कळणार नाही, तपासणाऱ्यांनाही नाही.
सहीसाठी पेन दिलं. डाव्या हातानं त्यानं
एक वेटोळं काढलं.
चालेल, म्हणाले.

तो हिवाळा समुद्र पांढरा, होड्या किनाऱ्यावर उलथ्या.
वहिनी रोज त्याच्यापुढे वस्तू मांडायची,
चमचा, शिंपला, कंगवा.
मी त्याच्या कानामागची खूण बघायचो,
दहा येनच्या नाण्याएवढी,
आणि चारात एक, चारात एक, असं मोजत झोपायचो.
लिहितोच आहे तर हेही लिहितो :
एका रात्री वाटलं, तो एक हाच असावा.
कारण बोलायला लागला, तर आधी काय बोलेल?

मार्चमध्ये बर्फ फुटलं, रात्रभर कडकडत होतं.
सकाळी तो दारात बसून बूट घालत होता,
डावा हात, आणि उजव्याची दोन बोटं.
दोन. मी पुन्हा मोजली.
गाठ, तो म्हणाला.
वहिनीनं गॅस बंद केला.
गाठ, माझ्याकडे बघून,
आणि बऱ्याच वेळानं, ओझं चढवल्यासारखं :
चुकली.

वहिनी फोनवर रडत होती,
म्हणजे मिळाल्या ना, पेशी मिळाल्याच ना,
तिकडून कुणी समजावत होतं, अजून सात महिने
सांगता येत नाही, माफ करा, सांगता येत नाही.

मी खाली वाकलो.
डाव्या बुटाची नाडी खरंच चुकीची बांधली होती.
सोडली. पुन्हा बांधली.
तो वरून बघत राहिला,
होडीवर बघायचा तसा.