पंधरावा स्क्रू

हडर्सफील्डच्या त्या तळघरात
माझं अंग मावायचं म्हणून माझी नेमणूक.
सात वर्षांची मी, दातांत टॉर्च,
कर्ण्याच्या घडीत पालथी सरपटत जायची,
आणि बाहेरून लॅसेल्सचा, म्हणजे बापाचा, आवाज:
"व्हेरोना, कोपऱ्यातली पट्टी. सरस लाव. आता स्क्रू."

दिवसा तो गिरणीत लोकर विणायचा.
मागांनी त्याच्या कानांतलं वरचं सगळं नेलं होतं:
चिमण्या, किटलीची शिट्टी, आईच्या बोलण्यातले स आणि श.
खालचं तेवढं ठेवलं.
त्या उरलेल्यासाठी तो रात्री खोकी बांधायचा
बर्चच्या प्लायवूडची.

हवा फार निसटती, तो सांगायचा.
कागदी पडदा तिला ढकलायला जातो,
ती हूं की चूं न करता बाजूला होते,
तोल जातो तो ढकलणाऱ्याचा.
तिला आधी कोंडीत धर.
पडद्यापुढे अरुंद घसा ठेव,
तिथे दाटीवाटीत तिला ओझं कळू दे.
मग सोड. पण एकदम नाही.
दर दीड फुटाला वाट दुप्पट,
पुन्हा दीड फूट, पुन्हा दुप्पट,
इतकी हळू की तोंडाशी आल्यावर
वाट कुठे संपली, खोली कुठे सुरू झाली
हे तिला उमगतच नाही.
घशाशी दाब मोठा, हालचाल मुंगीएवढी;
तोंडाशी दाब ओसरलेला आणि सगळी खोली हललेली.
"पण कर्णा कमाई करत नाही हं," तो बजावायचा,
"नोटेची मोड करून देतो, एवढंच."

साडेसात फुटांची वाट.
सरळ ठेवली तर जिन्यातून निघणार नाही,
म्हणून तिच्या घड्या. खाली, मागे, वर.
जाड आवाजाला वळणाचं काही वाटत नाही,
तो स्वतःच वळणापेक्षा लांब असतो.
बारीक आवाज भिंतीवर आपटतो, आतच विरतो.
मी त्या वाटेनं कोपरांवर गेलेली आहे.
आत सरसाचा वास होता,
आणि माझाच श्वास माझ्याआधी बाहेर पोचायचा.

शनिवारी मिस आयसिल्डाच्या तळघरात
चार खोकी कोपऱ्यात लागली.
एकट्याचं तोंड अपुरं,
चाळीसच्या आसपास ते कुरकुरायला लागतं.
चौघं चिकटून बसले की चौघांचं मिळून एक तोंड,
शिवाय फरशी आणि दोन भिंती फुकट कामाला.
क्लोव्हिसनं सुई ठेवली.
बरगड्यांच्या आत कुणीतरी दार उघडलं.
बापाचे डोळे मिटले,
त्याला ऐकू येत होतं.

मग बेसचा एक सूर आला, एकच,
आणि तिसऱ्या खोक्यात झर्रर्र.

मी पंधरा सांगितले होते. चौदा लावले होते.
पंधरावा माझ्या फ्रॉकच्या खिशात होता,
बोटं दुखत होती, झोप आली होती.

मिस आयसिल्डा वळली. नाचणारे दोघं थबकले.
क्लोव्हिसनं माझ्या बापाकडे पाहिलं.
बाप खोक्यावर तळवा ठेवून उभा:
"घट्ट! दगड आहे दगड!"
क्लोव्हिस म्हणाला, "दगडच."
आणि त्या सुराच्या तबकड्या
हळूहळू त्याच्या पेटीच्या तळाशी गेल्या.
बावीस वर्षं. लग्नं, बारशी, एक मोठं भांडण,
कुणी एका शब्दानं त्याला सांगितलं नाही.
मीही नाही.

आता तिसरं खोकं माझ्या गॅरेजात आहे.
स्क्रू कॉफीच्या डब्यात.
माझा हात पहिल्या वळणापर्यंतच जातो.
काल रात्री तो सूर मुद्दाम लावला. झर्रर्र.
कानांत बोटं घालता येईनात,
म्हणून एक कान खांद्यात दाबला,
दुसऱ्यावर हात धरला,
आणि मोकळा तळवा प्लायवूडवर ठेवला.

तळव्याला खरंच
घट्ट लागतं.