डावं इंजिन

एकशे ऐंशी तास मी एका इंजिनावर उडले
आणि तेवढ्यात बाघ नदीपासून आमगावच्या फाट्यापर्यंत
प्रत्येक बांधी मला नावानिशी ठाऊक झाली.
कोणाचा धुरा उंच, कुठून विजेच्या तारा,
लाखोळी कधी निघाली, कोणती बोडी
आटून तळाला भेगा धरून आहे.
बंद पडलं तर इथं उतरेन, नाही तर तिथं,
ओठांत सतत हेच,
सोयरीक बघायला निघाल्यासारखं.

परवापासून दोन इंजिनं.
नाकासमोर काहीच फिरत नाही, नुसती काच,
काचेपलीकडे थेट मोहाची झाडं.
दोन थ्रॉटल एका मुठीत,
दोघांचा सूर जुळेस्तोवर
कानात एक घुमारा येतो, जातो, येतो.

खाली बघणं सुटलं.
दोन दिवसांतच सुटलं.

आज चार हजार फुटांवर
सोहोनी सरांनी नकाशा आडवा धरून
त्यामागं काहीतरी केलं.
विमान डावीकडे वळलं, वळलं कसलं, ओढलं गेलं.
माझा उजवा पाय गच्च रुतलेला.
"कोणता पाय मेला?"
"डावा."
"मग इंजिन?"
"डावं."
"खात्री कर. मग सांग मला."
मी नाक वरच धरून राहिले, उंचीच्या लोभानं.
काटा निळ्या रेघेखाली, मग लाल रेघेकडे,
पाय पुरेना.
उजवं बिचारं जीव तोडून ओढत होतं
आणि तेच आम्हाला उलथवत होतं.

झनकलालमामा शंकरपटाचा धुरकरी.
डावा गोऱ्हा बिचकला की लोक ओरडत, हाण त्याले!
मामा उजव्याचा कासरा खेचायचा.
"चालते त्याले आवर पहिले,
अडला त्याचं मंग पाहू."

उजवं थ्रॉटल मागं घेतलं. नाक खाली.
जमीन काचेत भरून आली, पाय पुन्हा माझा झाला,
आणि त्या चार सेकंदांत
मी एक बांधी निवडून ठेवली.
टेंभऱ्यांची, बिनतारांची,
लाखोळी काढून मोकळी झालेली.
सरांना सांगितलं नाही.

रात्री मामाचा फोन.
"जोडी जमली का वं?"
"जमतेय."
"खोडकर कोणतं?"
"डावं."
"हं," मामा म्हणाला,
आणि बैलांना पाणी दाखवायचंय म्हणून
फोन ठेवून दिला.