शब्दाला जागणारा

विगोच्या बंदरात लिलाव पहाटे चारला उघडतो.
हेक मासे बर्फावर, डोळे सताड,
आणि मिनिटाला नऊ हजार बोली.
प्रत्येक बोलीमागे रात्रभर जाळं ओढलेली
कुणाची तरी बधिर बोटं.

कंपनीचा माणूस आला, चकचकीत बुटांत.
दर कोअरमागे सांगितला, सपोर्टचे वेगळे.
साबेलानं विचारलं, आत काय आहे?
तो हसला.
सार्डिनचा डबाही
इतका घट्ट बंद नसतो इथे.

मग आम्ही तीन उघडे डेटाबेस मांडले टेबलावर.
फुकट म्हणून नाही
(फुकटचं पचत नाही, एलादिओ पुटपुटलाच),
झाकण काढून बघता येतं म्हणून.

पहिला वाऱ्यासारखा.
दुसऱ्याची माहितीपुस्तिका फार देखणी.
तिसरा मास्तर: प्रत्येक ओळ
आधी रोजनिशीत लिहिणार,
मगच म्हणणार, झालं.

साबेलानं तक्ते केले नाहीत.
खोट्या बोलींचा पूर सोडला
आणि ऐन भरात
भिंतीतली वायर उपटली.
एकदा नाही, एकेचाळीस वेळा.

पहिला उठला हसतमुख,
सहाशे बोली विसरून.
दुसरा गुरुवारी उठलाच नाही.
तिसरा कण्हत, रोजनिशी चाळत,
अकरा मिनिटांनी उभा राहिला.
ज्याला ज्याला झालं म्हणाला होता
ते सगळं झालेलं होतं.

एलादिओनं एकतीस वर्षं शिसपेन्सिलीनं लिलाव लिहिला.
एकदा धक्क्यावरून पाण्यात पडला,
वही तेवढी वर धरून.
तो पडद्यावरचे आकडे बोटानं मोजत बसला,
कॉफी निवेपर्यंत.
मग म्हणाला, हा ठेवा.
शब्दाला जागतो.

पण अकरा मिनिटं! मी म्हणालो.
मासा थांबतो का?

ते खरंच होतं. कुणी बोललं नाही.
साबेला तीन रात्री त्याच्या पोटात शिरून वाचत बसली,
अनोळखी माणसांनी लिहिलेलं,
मध्येच कुणीतरी टाकलेली टीप:
इथे मी चुकलो होतो, आता नीट आहे.
असं त्या डब्यावर कुठे लिहिलेलं असतं?

आता डोंगरापलीकडे, ओउरेन्समध्ये,
त्याचा जुळा भाऊ जागा असतो,
तीच रोजनिशी उतरवत.
हा पडला की तो नऊ सेकंदांत उभा.
नऊ सेकंदही साबेलाला खुपतात.

पहिल्या खऱ्या लिलावाला
एलादिओ आला, निवृत्त असूनही,
काखेत कोरी वही, कानामागे पेन्सिल.
आम्ही कुणी हसलो नाही.