भाग : वक्ष

फॉर्मवर छापलेलं असतं, तपासणीचा भाग,
आणि पुढं टिंबं.
त्या टिंबांवर डॉक्टर लिहितात : वक्ष.
घाईत व गळून पडतो कधी,
उरतो नुसता क्ष,
ज्याची किंमत काढायला सांगून
गणिताचे सर तंबाखू मळत बसायचे.

परंड्याच्या सरकारी दवाखान्यात
अकरा वर्षं मी एक्स-रे काढते.
वक्ष दुखतोय म्हणत अजून कुणी आलं नाही.

यल्लप्पा वडार म्हणतो, बरगाडं वाजतंय.
फिल्म उजेडावर धरली तर आत
त्यानं जन्मभर फोडलेल्या खडीची भुकटी,
पांढरी, बारीक, अंगणात सांडल्यासारखी.
भरतीची पोरं म्हणतात छाती,
म्हणता म्हणताच पाच सेंटिमीटर फुगवतात.
ऊर मात्र भरून येतो
किंवा बडवला जातो.
रिकामा, नुसता बसलेला ऊर
मी तरी पाहिलेला नाही.

आणि बायका.
बायका शब्दच आणत नाहीत सोबत.
पदराखाली हात नेतात, म्हणतात,
इथं.
इथं म्हणजे कुठं, विचारलं
की भिंतीवरच्या पालीकडं बघतात.

द्रुपदाच्या कागदावर नवऱ्यानं सांगितलं होतं : डावा खांदा.
मी खांदा काढला.
पोळ्यानंतर पुन्हा आली. पुन्हा खांदा.
खांदा चांगलाच होता,
दोन घागरी सहज पेलणारा.

तिसऱ्यांदा नवरा नव्हता,
शेजारची खुर्शिदबी होती, बांगड्यांची पेटी घेऊन.
दारातच म्हणाली, अगं बोल की,
सीने में है बोल.
द्रुपदा हसली.
सीना तर आमची नदी हाय.
मग थोडा वेळ
फक्त पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, सीनेत खडा हाय बाई,
लिंबाएवढा. दोन वर्सं झाली.

नदीचं नाव तिला चारचौघांत घेता येत होतं.
त्या पाण्यात तिनं धुणं धुतलं होतं,
उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून
वाटीवाटीनं घागर भरली होती.
मी खांदा खोडला.
माझ्या खाडाखोडीवर डॉक्टर चिडले,
मग हात लावून बघितला,
मग चिडायचं विसरले.
बार्शीची चिठ्ठी दिली त्याच दुपारी.

दोन वर्षं,
आणि त्यातले सहा महिने माझ्या खांद्यांचे.
हा हिशेब मी अजून कुणाला दाखवला नाही.

काल आली तपासणीला.
केस बोटभर उगवलेत,
पोलकं एका बाजूनं सैल.
गार काचेला टेकवून म्हणाले, श्वास धर.
तिनं धरला. सोड म्हणायला मलाच उशीर झाला.

जाताना कागद उलटा धरून विचारलं,
काय लिवलंय ह्याच्यात?
वक्ष, म्हणाले. वक्ष साफ आहे.
म्हंजे?
अकरा वर्षांत माहीत झालेले सगळे शब्द
एकेक करून तोंडाशी आले नि परत गेले.
मी एप्रनवर हात ठेवला, डाव्या बाजूला,
म्हणाले,
इथं.