जाळ बेतानं

राजारामपुरी, तेरावी गल्ली, दुसरा मजला.
वर पत्रा. एप्रिल.
कार्ड जुनं, इम्तियाज शिकलगारकडून
चौदा हजाराला घेतलेलं,
त्यातले दोन अजून द्यायचेत.
त्याचा एक पंखा किंचित खरडतो.

रात्री अकरानंतर मी बसतो.
क्लॉक वाढवायचा, पंधरा-पंधराच्या पावलांनी.
अधिक साठ. चालतंय.
अधिक नव्वद. चालतंय.
अधिक एकशे वीस,
आणि फ्रेम ब्याण्णववरून थेट एकशे तीन!
कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत अंश चढतात
एकोणऐंशी, ब्याऐंशी, पंच्याऐंशी.
केसचं झाकण काढून
मी टेबलफॅन आत तोंड करून लावलाय.
आई म्हणते, माणसं उकडून मेली तरी चालतील,
वारा त्या डब्याला.

त्या आठवड्यात आण्णाप्पामामा आला होता
मोतीबिंदू काढायला.
सुप्रभाची परीक्षा, म्हणून त्याची कॉट माझ्या खोलीत.
एक डोळा पट्टीत, दुसरा आधीचाच अधू.
रुकडीला तीस वर्षं गुळव्या होता.

तो झोपला असेल म्हणून मी अधिक दीडशे केलं.
"पोरा, जाळ कमी कर."
मामा, गॅस बंद आहे.
"गॅस न्हवं. तुझ्या त्या पेटीचा.
मगाधरनं एका सुरात होती,
आता धाप टाकायलीया."
मी बघितलं. सत्त्याऐंशी.
आकडा अजून लाल झाला नव्हता.
मग पडदा हिरवा, मग काळा,
आणि सगळ्या पंख्यांचा मिळून
एकच लांब उसासा.

अंधारात तो कुशीवर वळून सांगत राहिला :
रस आधी पाण्यागत बोलतो,
मग पिठल्यागत,
मग एक घटका अशी येते
की बुडबुडा फुटताना जीभ टाळ्याला लागल्यागत वाजतो.
तिथं जाळव्याला हाक मारायची.
त्या टायमाला चुलवाणात एक चिपाड जास्त पडलं
तर ढेप काळी.
मी विचारलं, थर्मामीटर नव्हता?
"होता की. खिशात.
मालकाला दाखवायला."
बाविसाव्या वर्षी त्यानं एक अख्खी काहील घालवली होती.
मालक काही बोलला नाही.
"तेवढंच डोक्यात ऱ्हायलंय बघ."

दुसऱ्या रात्री आम्ही उलटं केलं.
कान त्याचा, माऊस माझा.
व्होल्टेज खाली, खाली,
नऊशे पन्नास मिलिव्होल्ट.
क्लॉक अधिक पंचेचाळीसवर ठेवला.
अंश एकाहत्तरला येऊन बसले
जेवून माणूस टेकावा तसे.
"हां. आता शिजतंय.
काल करपत होतं."
फ्रेम अठ्ठ्याण्णव.

म्हणजे पाच गेल्या.
मी बराच वेळ त्या पाचांचा विचार करत होतो.
काय असतं त्यांच्यात?
खेळातल्या डोंगरावरचं गवत
थोडं आणखी सुळसुळीत हललं असतं.
आणि एकशे तीन हा आकडा,
जो सकाळी इम्तियाजला सांगायचा होता.
खरं म्हणजे तोच होता.

पट्टी सुटल्यावर मामा खुर्ची ओढून बसला.
डोंगर बघितला, घोडेस्वार बघितला,
त्याला मारायला धावणारे ते सगळे बघितले.
"चांगलंय," म्हणाला.
आणि थोड्या वेळानं,
"पण ह्यात गूळ कुठाय?"
मला उत्तर सुचेना. त्यालाही नको होतं बहुतेक.
दुपारच्या एसटीनं गेला.
त्याच्या गुऱ्हाळाच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे.

काल रात्री मी पुन्हा अधिक साठ केलं.
मग पंचाहत्तर.
मग, उगीच, नव्वद.
आकडे सगळे ठीक.
कॉटवर सुप्रभाची पुस्तकं.
मी टेबलफॅन बंद केला,
घाम मानेवरून उतरू दिला
आणि डोळे मिटून
कान त्या डब्याकडे केला.