धुरासाठी रकाना नाही

जूनच्या एकोणिसाव्या दिवशी, दुपारी तीनला,
मी वेधशाळेच्या नोंदवहीत लिहिलं:
वीज, नैर्ऋत्येला, एक. पाऊस, शून्य.
शून्यावर शाई जरा गळली,
एवढंच.

ती पडली नदीपलीकडे, लार्चच्या एका म्हाताऱ्या झाडावर.
तीन दिवस काही दिसलं नाही.
रागावलेल्या माणसानं जेवताना गप्प बसावं
तसं झाड आतल्या आत धुमसत राहिलं.
चौथ्या दिवशी वारा सुटला.

आमच्याकडे जूनमध्ये रात्र होत नाही.
त्या वर्षी झाली, भर दुपारी.
गायी चरायच्या थांबल्या
आणि रांगेनं गोठ्याकडे परतल्या,
कुणी हाकलल्याशिवाय.

पुरुष फावडी घेऊन गेले. केस्किल ट्रॅक्टर घेऊन गेला
आणि भुवया तिथंच ठेवून आला.
तुयारा रोज सकाळी पेन्सिलीनं त्याला नव्या भुवया काढायची:
एके दिवशी चकित, दुसऱ्या दिवशी संशयी.
त्या उन्हाळ्यात गावात हसू आलं ते तेवढ्यावरच.

चुलीतल्या विस्तवाला पहिला घास द्यायची आमची रीत.
लोण्यात बुडवलेला धिरड्याचा तुकडा,
घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे चार थेंब.
बायबलकाका खंदकाच्या काठावर उभा राहिला,
टोपी काढली, धिरडं फेकलं, म्हणाला,
घे बाबा, आणि पुरे कर.
विस्तवानं घेतलं.
मग हातासरशी टेकडीही घेतली.

सप्टेंबरात हिम पडलं. अकरा सेंटिमीटर.
सगळे म्हणाले, विझलं.
जानेवारीत, उणे एक्कावन्नला,
थुंकी जमिनीवर पडायच्या आत जिथं कडक होते,
तिथं, नदीपलीकडच्या पांढऱ्या सपाटीतून
धुराचा एक दोरा सरळ वर चाललेला.
शेवाळाखाली, काळ्या मऊ मातीत
ती हिवाळा काढत होती
अस्वलासारखी.

वहीत ढगांचे दहा प्रकार आहेत.
धुरासाठी रकाना नाही.
मी मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहिलं, मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.

शेवाळ ही जमिनीतल्या बर्फाची गोधडी होती
हे आम्हाला ठाऊक होतं, पण गोधडी ओढली गेल्यावर
खालचा किती लवकर जागा होतो
ते ठाऊक नव्हतं.
बायबलकाकाच्या वडिलांनी तीन उन्हाळे खणलेलं तळघर
मे महिन्यात ठिबकायला लागलं.
घोड्याची मांडी, मासे, लोण्याचे गोळे,
सगळं वर काढून गवतावर मांडलं.
गावभरची कुत्री जमली, अतिशय अदबीनं.
काकानं त्यांना हाकललं नाही.
तो तळघराच्या तोंडाशी बसून खाली वाकून ऐकत होता,
थेंब मोजत असावा.

जळक्या उतारावर आता खड्डे पडलेत, त्यांत पाणी,
पाण्याकडे झुकलेली झाडं, दारुड्यांसारखी,
आणि मध्येच गुडघाभर उंच गुलाबी फुलं,
इतकी की डोळ्यांना ओशाळल्यासारखं व्हावं.
तीन बोटांचा सुतार काळ्या खोडांवर
दिवसभर ठोकत असतो.
त्याचं पोट यंदा भरलंय. कुणाचं तरी भरलं.

माझं पर्जन्यमापकही कललं, नऊ अंशांनी.
नियमपुस्तकात लिहिलंय, खांब ओळंब्यात असावा.
मी खाली वीट घातली. वसंतात दुसरी घातली.
यंदा तिसरी.

काल पुन्हा गडगडलं.
वीज, नैर्ऋत्येला, दोन.
पावसाच्या रकान्यासमोर पेन धरून
मी बसून राहिले. केस्किल दारात येऊन उभा राहिला,
त्याच्या खऱ्या भुवया परत आल्यात,
एक जरा तिरकी.
छपराच्या पत्र्यावर काहीतरी वाजलं. एकदाच.
आम्ही दोघांनी मान वर केली.

मोजता येत नाही इतक्या पावसाला
वहीत अंशमात्र म्हणतात.
मी तेवढं लिहिलं.