खालून पहिली पट्टी

आयगार्सने चौदाशे युरो सांगितले, मी अकराशे पन्नास दिले.
मधले अडीचशे दाराखालच्या पत्र्यात होते.
अंगठ्याने दाबला तर पापडासारखा कुरकुरला,
आणि आम्ही दोघंही जरा वेळ दुसरीकडे बघत राहिलो.
"एका म्हाताऱ्या मास्तरांची," तो म्हणाला,
"फक्त रविवारी बाहेर निघायची."
मी पियानो जुळवते. असली वाक्यं मला पाठ आहेत:
हा कधी जागचा हललाच नाही,
ह्याला फक्त मुलगी हात लावायची, तोही हळूच.

तीन सिलिंडर, डिझेल. रंग कधीकाळी हिरवा.
आकडा: एक लाख बासष्ट हजार.
आकडा सोडून मी बॉनेट उघडलं, कान दिला.
तिपाईसारखा आवाज, डुगडुगणारा
पण पडायचा नाही अशा खात्रीचा.
मग आत बसून पाय अलगद दाबला,
काटा अकराशे फेऱ्यांवर धरला
आणि तिथे ती होती, पियानोची खालून पहिली पट्टी,
जी शाळेतली पोरं फक्त अस्वल आलं की वाजवतात.
किंचित उतरलेली. पण तीच.
मी लिफाफा काढला.

जानेवारीत अलुक्स्नेला वजा चोवीस.
चावी अर्धी फिरवायची,
वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं,
विझला की चावी मागे, पुन्हा पहिल्यापासून.
बॅटरी रात्री घरात, चुलीपासून हातभर लांब,
मांजराच्या जागेवर.
मांजर आठवडाभर माझ्याशी बोललं नाही.
एकदा लीपनाच्या रस्त्यावर डिझेलच थिजलं,
फिल्टरमध्ये तुपासारखे कण.
दुधाच्या टँकरवाल्याने काही न विचारता
थर्मासमधला चहा फिल्टरवर ओतला.
साखर घातलेला होता. त्यानेच हळहळून सांगितलं.

ओल्गेर्त्सचं गॅरेज सामुदायिक शेतीच्या जुन्या गोठ्यात.
भिंतीवर गाईंच्या नावांच्या पाट्या अजून तशाच;
माझी गाडी 'ब्रूनाल्या'च्या खाली उभी.
त्याने टायमिंग बेल्टचं झाकण काढलं,
आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटलेली, जर्मनमध्ये,
कुणाच्या तरी नेटक्या अक्षरात:
पट्टा बदलला, दोन लाख एकोणपन्नास हजारांवर.
तारीख आठ वर्षांपूर्वीची.
ओल्गेर्त्सने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"रविवार बरेच असतात मास्तरांना," म्हणाला.

आयगार्सला फोन केला. भांडायची वाक्यं जुळवून ठेवली होती.
"मलाही हाच आकडा दिला होता गं, विझ्मा,"
आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज सुरात लागला.
खोटं कुठल्या सरहद्दीवर चढलं कुणास ठाऊक,
आम्ही सगळे त्याचे पुढचे मालक.
मग तोच म्हणाला, "पट्टा बदलून घे आधी."

पट्टा, पुली, पाण्याचा पंप: दोनशे दहा,
शिवाय ओल्गेर्त्सच्या मावशीचा पियानो फुकट,
ज्यात उंदरांनी हातोड्यांची लोकर कुरतडून
खालच्या सप्तकात बाळंतपण उरकलं होतं.
जुना पट्टा मी मागून घेतला.
दातांच्या मुळाशी भेगा, नखाने उघडतील अशा.
कुठल्याही दिवशी, कुठल्याही वळणावर.
आता तो हत्यारांच्या पिशवीत असतो,
सूरकाटा गुंडाळायला बरा पडतो.

वहीत लिहिलं:
तेल, झालं. पट्टा, झाला.
हवेचा फिल्टर, झटकला, चालेल.
खरे किलोमीटर, माहीत नाही.
डाव्या दाराखालचा पत्रा, दाबू नये.

शुक्रवारी पुन्हा लीपनाची शाळा.
त्यांचा पियानो जिमच्या हॉलमध्ये,
हॉल तापवतात फक्त निवडणुकीच्या दिवशी.
पहाटे निघावं लागेल.
तीनपैकी एक ग्लो प्लग गेलाय, बहुतेक मधला.
तो सकाळी जरा उशिरा येतो;
बाकीचे दोघं त्याच्यासाठी थांबत नाहीत,
खोकतात, धूर काढतात,
पण फार पुढेही जात नाहीत.